गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे

वसईच्या पूर्वेला महामार्ग ओलांडून डोंगराकडे गेले, की लहान लहान पाडे लागतात. अशाच एका पाड्यावर आमचा रात्रीचा वर्ग भरतो. कोणी बाजारात भाजी विकून आलेली असते, कोणी कारखान्याच्या गाळ्यात दिवसभर उभी राहून आलेली असते. हातपाय धुऊन, चार घास खाऊन बाया वर्गाला येतात.

एका रात्री आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. एका बाईने मथळ्यावर बोट ठेवले आणि अक्षर अक्षर जुळवत वाचले, "लैं-गि-क अ-त्या-चा-र." वाचता आले म्हणून ती खूश झाली. मग तिने विचारले, "ताई, म्हणजे काय हो?"

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एक वयस्कर मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणजे बाईची अब्रू लुटली."

दुसरी म्हणाली, "पण मग ती ओरडली का नाही? ओरडली नाही, म्हणजे तिची मर्जी असणार."

त्या रात्री धडा पुढे सरकला नाही. पण बोलणे पुष्कळ झाले. जे बोलणे झाले आणि जी माहिती आम्ही सांगितली, ती येथे लिहिली आहे. ही माहिती फक्त बायांसाठी नाही. बाप, भाऊ, नवरा, मुलगा, सर्वांनी वाचावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावी.

शब्दाचा अर्थ

माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे असते. त्याच्या मर्जीवाचून कामवासनेने त्याच्या शरीराशी केलेले कोणतेही वर्तन म्हणजे लैंगिक अत्याचार. यात लहानमोठे पुष्कळ प्रकार येतात.

लोकलच्या गर्दीत मुद्दाम अंगाला हात लावणे, हा अत्याचार आहे. मुकादमाने "माझं ऐकलंस तर रोज काम देईन" असे म्हणणे, हा अत्याचार आहे. बाई आंघोळ करताना चोरून पाहणे, मोबाईलवर तिचे चित्र काढणे, तिच्या मागे मागे रोज जाणे, हेही गुन्हेच आहेत. या प्रत्येकासाठी कायद्यात वेगळे कलम आहे आणि वेगळी शिक्षा आहे.

या सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे बलात्कार. बाईच्या संमतीवाचून पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध करणे, हा बलात्कार होय. पूर्वी कायद्यात याचा अर्थ फार तोकडा होता. २०१३ साली तो वाढवला. आता योनीत, गुदद्वारात किंवा तोंडात लिंग घालणे, किंवा योनीत वा गुदद्वारात बोट वा एखादी वस्तू घालणे, हाही बलात्कारच धरतात. आम्ही हे शब्द स्पष्ट लिहितो. कारण हे शब्द माहीत नसले, तर बाईला आपल्यावर काय झाले ते पोलिसाला आणि डॉक्टरला सांगता येत नाही. लाजेपायी ती "माझ्याशी वाईट वागला" एवढेच सांगते आणि तेवढेच कागदावर लिहिले जाते.

होकार म्हणजे काय?

आता त्या दुसऱ्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. ओरडली नाही, म्हणजे राजी होती का?

आम्ही उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातली एक बाई बोलली. ती म्हणाली, "भाताच्या बांधावर पायाशी साप आला, तर तू ओरडतेस का गं? माझे तर पाय थिजले होते. तोंडातून शब्द फुटला नव्हता. साप निघून गेला, तेव्हा कुठं बोंबलले मी."

सगळ्या हसल्या. पण म्हणणे सर्वांना पटले.

असेच असते. मोठे भय समोर आले, की कोणी पळते, कोणी झगडते आणि कोणी जागच्या जागी थिजते. यांपैकी आपण काय करणार, हे आपल्या हातात नसते. ते शरीरच ठरवते. शिवाय भय नेहमी सुरीचेच असते असे नाही. काम जाईल, झोपडी खाली करावी लागेल, उचल परत मागतील, मुलाला मारतील, याचेही भय असते. सुरी दिसते, हे भय दिसत नाही. पण गळा दोन्हींनी सारखाच दाबला जातो.

म्हणून कायद्याने संमतीचा अर्थ लिहून ठेवला आहे. संमती म्हणजे बाईने आपल्या राजीखुशीने, शब्दाने किंवा खुणेने, स्पष्ट दिलेला होकार. बाईने हातपाय झाडले नाहीत, एवढ्यावरून तिची संमती होती असे म्हणता येत नाही. कायद्याने असेही सांगितले आहे, की धाक दाखवून घेतलेला होकार खरा नव्हे. जिवाचे किंवा मारहाणीचे भय तिला स्वतःला असो, की तिच्या जवळच्या माणसाला असो, दोन्ही सारखेच. दारू किंवा गुंगीचे औषध पाजून घेतलेला होकार खरा नव्हे. वेडाच्या भरात दिलेला होकार खरा नव्हे. आणि मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल, तर तिच्या होकाराला किंमतच नाही.

पण हे सारे कायद्यात आपोआप आलेले नाही. त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गरीब मुलीची गोष्ट आहे. ती मुलगी वसईची नव्हती. ती राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची, विदर्भातली होती. पण तिच्यामुळे जो कायदा बदलला, तो आज वसईच्या कोर्टातही चालतो. म्हणून तिची गोष्ट आपण ऐकली पाहिजे.

देसाईगंजची गोष्ट

देसाईगंज हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथे एक आदिवासी मुलगी राहत होती. तिचे आईबाप वारले होते. ती भावापाशी राही आणि मोलमजुरी करी. तिचे वय १४ ते १६ वर्षांचे असेल. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या नात्यातल्या एका तरुणाशी लग्न करायचे तिने ठरवले. भावाला ते पसंत नव्हते. त्याने पोलिसांत तक्रार केली, की माझ्या बहिणीला पळवून नेले.

२६ मार्च १९७२ रोजी रात्री सर्वांना पोलीस ठाण्यात आणले. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास सगळे घरी जायला निघाले. मुलीला मात्र पोलिसांनी मागे थांबवून घेतले. घरची माणसे बाहेर वाट पाहत राहिली. तोच ठाण्यातले दिवे मालवले गेले. दार आतून बंद झाले. बाहेरून हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. आजूबाजूची माणसे जमली. मग मुलगी बाहेर आली. तिने सांगितले, की एका शिपायाने माझ्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने माझ्या अंगाशी चाळे केले. लोक खवळले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता डॉक्टरांनी मुलीला तपासले. तिच्या अंगावर जखम सापडली नाही.

खटला चालला. १९७४ साली चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. कोर्ट म्हणाले, मुलीची संमती होती. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. त्या न्यायाधीशांनी म्हटले, की भयाने गप्प राहून सोसणे वेगळे आणि राजी असणे वेगळे. त्यांनी एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, हे त्या निकालात मोठे कारण होते.

म्हणजे बघा. आमच्या वर्गातल्या बाईने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने विचारला होता. ओरडली का नाही?

रात्रीची वेळ. पोलीस ठाणे. दार बंद. समोर खाकी कपड्यातली दोन माणसे. आणि आत एक अनाथ पोर. ती ओरडणार कोणाला? पोलिसांनी त्रास दिला तर माणूस पोलिसांकडे जातो. ती तर पोलिसांकडेच होती.

त्या मुलीचे नाव आम्ही येथे लिहिलेले नाही. ते का, हे पुढे सांगू.

निकाल तसाच राहिला, कायदा बदलला

१९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावे. सोसणे आणि राजी असणे यांतला फरक कोर्टाने पाहिला नाही, असे त्यांनी विचारले. पत्र वर्तमानपत्रांत आले. १९८० साली मुंबई, दिल्ली आणि इतर शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. सभा झाल्या, मोर्चे निघाले. निकाल फिरला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण १९८३ साली संसदेने कायदा बदलला.

त्या बदलातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगातले वा इस्पितळातले अधिकारी, ज्यांच्या ताब्यात बाई असते, त्यांनी बलात्कार केला तर जास्त कडक शिक्षा ठरली.

दुसरी गोष्ट. अशा खटल्यात शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने "माझी संमती नव्हती" असे सांगितले, तर कोर्टाने ते खरे धरून चालावे. संमती होती हे दाखवण्याचे ओझे आरोपीवर आले.

तिसरी गोष्ट. जिच्यावर बलात्कार झाला, तिचे नाव छापणे किंवा तिची ओळख पटेल असे काही छापणे हा गुन्हा ठरला. आता कळले ना, आम्ही नाव का लिहिले नाही ते! ती मुलगी साऱ्या देशात नावाने ओळखली गेली. तिला ते ओझे जन्मभर वाहावे लागले. तसे दुसऱ्या कोणाचे होऊ नये.

पुढे २०१२ सालच्या डिसेंबरात दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि ती मरण पावली. सारा देश हळहळला. त्यानंतर २०१३ साली कायदा आणखी बदलला. संमतीचा अर्थ, जो आम्ही वर सांगितला, तो तेव्हा कायद्यात आला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ६३व्या कलमात बलात्काराचा अर्थ आहे. ६४व्या कलमात शिक्षा आहे. ती कमीत कमी दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि जास्तीत जास्त जन्मठेप. मुलगी १६ वर्षांच्या आतली असेल, किंवा अनेकांनी मिळून गुन्हा केला असेल, तर शिक्षा वीस वर्षांपेक्षा कमी नाही.

गुन्हा करणारा कोण असतो?

आपल्याला वाटते, की अंधारात दबा धरून बसलेला कोणी अनोळखी गुंड हे काम करतो. तसेही होते. पण सरकार दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे छापते. ते सांगतात, की बलात्काराच्या शंभर खटल्यांत नव्वदांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी असतो, नातलग असतो, मालक असतो, लग्नाचे वचन देणारा असतो.

म्हणून "अंधारात जाऊ नको, सातच्या आत घरी ये" एवढे मुलीला सांगून भागत नाही. घरातला काका असेल, तर ती घरी येऊन काय करील?

एका बाईने विचारले, "आणि नवऱ्याचं काय?" प्रश्न खरा आहे. उत्तरही खरेच दिले पाहिजे. बायको १८ वर्षांची पूर्ण असेल, तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा बलात्कार म्हणत नाही. मात्र २००५ सालचा घरगुती हिंसाचाराचा कायदा अशा जबरदस्तीला हिंसाच म्हणतो. त्या कायद्याखाली बाईला कोर्टाकडून संरक्षण मागता येते. आणि बायको १८ वर्षांच्या आतली असेल, तर लग्न झाले असले तरी तो बलात्कारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसे ठरवले. लहान वयात पोरींची लग्ने उरकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लहान मुलांसाठी वेगळा कायदा

१८ वर्षांच्या आतल्या मुलामुलींसाठी २०१२ सालचा वेगळा कायदा आहे. त्याला पोक्सो म्हणतात. हा कायदा मुलींइतकाच मुलग्यांसाठीही आहे. मुलग्यांवरही अत्याचार होतात. "पोरग्याला काय होतंय?" असे म्हणून त्याचे बोलणे उडवून लावू नये.

या कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. मास्तरांना तो लागू आहे, डॉक्टरांना लागू आहे, घरच्यांनाही लागू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, बदलापूरला, शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला आईबापांना अनेक तास ताटकळावे लागले. लोक चिडून रेल्वेच्या रुळांवर उतरले. नंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून ते प्रकरण हाती घेतले. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदवला गेला.

मुलाचा जबाब घ्यायला पोलिसांनी त्याच्या घरी यावे, किंवा मूल म्हणेल तेथे यावे. जमेल तेथवर बाई अधिकारी असावी. अंगावर वर्दी नसावी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

असे घडले तर काय करावे?

पहिले काम, त्या बाईला धीर द्यावा. "तू काय केलंस?" असे विचारू नये. "तुझी चूक नाही" असे म्हणावे.

दुसरे काम, इस्पितळ. सरकारी असो की खासगी, प्रत्येक इस्पितळाने अशा बाईवर फुकट उपचार केले पाहिजेत. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे म्हणून परत पाठवता येत नाही. परत पाठवले तर तो गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणून गोळी असते. एचआयव्ही होऊ नये म्हणूनही औषध असते. ही दोन्ही तीन दिवसांच्या आत घ्यावी लागतात. जितकी लवकर, तितकी बरी. शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ते वाळवून कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. पण आंघोळ झाली, कपडे धुतले गेले, म्हणून सारे संपले असे समजू नये. तरीही जावे.

तपासणीला बाईची संमती लागते. पूर्वी डॉक्टर योनीत दोन बोटे घालून "ही बाई सरावलेली आहे का" ते पाहत. देसाईगंजच्या मुलीचीही तशीच तपासणी झाली होती. ही पद्धत आता बंद आहे. अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले.

तिसरे काम, पोलीस. वसई, विरार, नालासोपारा हा भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो. पण तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "ही हद्द आमची नाही" असे सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा लोकलमध्ये घडला असो, की विटांच्या भट्टीवर, जे ठाणे जवळ असेल त्याने तक्रार लिहून घ्यावी आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवावी. बाईची तक्रार बाई अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. लिहिलेले वाचून दाखवायचे असते आणि त्याची प्रत फुकट द्यायची असते. प्रत मागून घ्यावी. ज्या पोलिसाने बलात्काराची तक्रार नोंदवून घेतली नाही, त्याला स्वतःला सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा होऊ शकते. ठाण्यात दाद लागली नाही, तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज पाठवावा. तेथेही नाही लागली, तर मॅजिस्ट्रेटकडे जावे.

आणि हेही लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे लागते. देसाईगंजची रात्र पुन्हा येऊ नये, म्हणून प्रत्येक बाईला हे माहीत हवे.

चौथे काम, कोर्ट. असा खटला बंद दाराआड चालतो. येरागबाळ्याला आत बसता येत नाही. बाईची पूर्वीची चालचलणूक कशी होती, हे संमतीच्या प्रश्नात काढता येत नाही. आपल्या शेजारच्या भिवंडीच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले, की बाईची चालचलणूक लोक कशीही म्हणोत, तिच्या शरीरावर हक्क तिचाच आहे. वाटेल त्याने तिच्या घरात शिरावे, असे होत नाही. तिची साक्ष भरवशाची असेल, तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही आरोपीला शिक्षा होते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. बाईला आणि मुलांना, मिळकत कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महाराष्ट्र सरकारची २०१३ सालापासून मनोधैर्य योजना आहे. तीतून उपचारासाठी आणि पुन्हा उभे राहण्यासाठी पैशांची मदत मिळते.

नंबर पाठ करून ठेवावेत. पोलिसांच्या तातडीच्या मदतीला ११२. बायांना मदतीसाठी १८१. मुलांसाठी १०९८. फुकट वकिलासाठी १५१००.

अब्रू कोणाची गेली?

वर्गात शेवटी त्या वयस्कर मावशींच्या शब्दावर बोलणे आले. अब्रू लुटली, असे त्या म्हणाल्या होत्या.

आम्ही त्यांना विचारले, "मावशी, वसईच्या कोणाच्या वाडीतून रात्री केळीचे घड चोरीला गेले, तर अब्रू कोणाची जाते? वाडीवाल्याची, की चोराची?"

मावशी म्हणाल्या, "चोराची, की! वाडीवाल्यानं काय केलं?"

"मग येथे उलटे का?"

मावशी पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत.

खरे म्हणजे कायदा पुष्कळ पुढे आला आहे. आपली भाषा मागे राहिली आहे. आपण म्हणतो "तिची अब्रू गेली", "ती बाटली", "आता तिच्याशी लग्न कोण करणार". पंच बसतात आणि त्या माणसाशीच तिचे लग्न लावून देतात, किंवा चार पैसे घेऊन मिटवतात. बलात्कार हा मिटवायचा गुन्हा नाही. कायद्यात त्याला तडजोड नाही. चार पैसे घेऊन मिटवले, तर करणाऱ्याला कळते, की याची किंमत एवढीच आहे. तो पुन्हा करतो.

ज्या बाईवर हे गुदरते, तिचे दुःख बाहेरून नेहमी दिसत नाही. ती रडेलच असे नाही. कोणी दुसऱ्या दिवशी कामालाही जाते, कारण चूल पेटवायची असते. कोणाला झोप लागत नाही. कोणी काही आठवत नाही म्हणते, कोणाला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. कोणी चार दिवसांनी बोलते, कोणी चार वर्षांनी बोलते. उशिरा बोलली म्हणून ती खोटे बोलते असे नाही. उशिरा आलेली तक्रारही पोलिसांनी घ्यायचीच असते.

त्या रात्री वर्ग सुटला. सगळ्या गेल्या. मावशी मात्र पाटी पुसत बसल्या होत्या. पाटी कधीच कोरी झाली होती, तरी पुसत होत्या. मग त्या म्हणाल्या, "माझी एक धाकटी बहीण होती. मिठागरावर कामाला जायची. एक दिवस घरी आली, ती बोलेचना. आम्ही सगळ्यांनी तिलाच विचारलं, तू ओरडली का नाहीस. मीसुद्धा विचारलं."

एवढे बोलून त्यांनी पाटी ठेवली आणि कंदील उचलला.

आम्ही त्यांना पुढे काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्या. त्यांनी एक वाक्य लिहून मागितले. आम्ही फळ्यावर लिहिले. मावशींनी ते पाटीवर दहा वेळा उतरवून काढले. ते वाक्य असे: तुझी चूक नाही.

लक्षात ठेवा

१. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. भयाने दिलेला होकारही होकार नव्हे.

२. १८ वर्षांच्या आतल्या मुलामुलींच्या होकाराला कायद्यात किंमत नाही.

३. इस्पितळाने उपचार फुकट द्यावेत. औषधे तीन दिवसांच्या आत घ्यावीत.

४. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. प्रत फुकट मिळते.

५. मुलावरचा अत्याचार कळूनही न कळवणे, हा गुन्हा आहे.

६. जिच्यावर अत्याचार झाला, तिचे नाव गावभर करू नये. अब्रू गेली असेल, तर ती करणाऱ्याची गेली.